एका बाईच्या पाच फायली

रुग्णालयाच्या तळघरातली लाँड्री चौदा वर्षं फौजदारबाईंच्या हुकमतीखाली होती. हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. हाताखालच्या एकवीस बायका त्यांना तोंडावर ‘बाई’ म्हणत आणि पाठ वळली की ‘फौजदार’. पाठीमागचं नाव बाईंना ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. चादर नुसती हातात घेतली की ती कुठल्या मजल्यावरून आली हे त्या सांगत. डॉक्टर लोकांना त्या चेहऱ्यावरून नव्हे, कोटावरून ओळखत. हृदयाच्या मोठ्या डॉक्टरांच्या खिशाला कायम शाईचा डाग. हाडांच्या डॉक्टरांच्या बाहीला चहा. मनाच्या डॉक्टरांचा कोट इतका स्वच्छ, की हा माणूस काम करतो तरी की नाही अशी शंका यावी.

तर एकोणपन्नासाव्या वर्षी बाईंना उकडायला लागलं.

आता लाँड्रीत उकडणं म्हणजे नदीत ओलं होणं. एका बाजूने ओल्या चादरी घालायच्या आणि दुसऱ्या बाजूने वाळून, इस्त्री होऊन निघालेल्या ओढून घ्यायच्या, असं एक भलंमोठं रोलरचं यंत्र खोलीच्या मध्यभागी दिवसभर वाफा सोडत असे. साहजिकच बाईंनी रोलरवर आळ घेतला. दुरुस्तीवाल्याला एकदा बोलावलं, दोनदा बोलावलं. तिसऱ्यांदा तो तापमापक घेऊन आला, रोलरला लावला आणि बाईंच्या नाकासमोर धरला.

“बाई, मशीन जितकं तापायला हवं तितकंच तापलंय.”

“मग मला का भाजतंय?”

“ते माझ्या खात्यात येत नाही,” तो म्हणाला आणि पाने-पकडी पिशवीत भरू लागला.

हे वाक्य बाईंना पुढे वर्षभर ऐकायचं होतं. बोलणाऱ्यांचा पगार तेवढा वाढत जाणार होता.

खरा प्रकार उमगला तो धुतलेल्या कपड्यांच्या कोठारात. ती सगळ्या इमारतीतली सर्वांत थंड खोली. तिथे उशांच्या खोळी मोजणाऱ्या दोघी बायका अंगात स्वेटर घालून बसायच्या. बाई त्यांच्यासमोर उभ्या होत्या आणि कानशिलांवरून घाम ओघळून हनुवटीवरून थेंब थेंब यादीवर पडत होता. तळपायाची आग मस्तकाला गेली असं आपण रागाबद्दल म्हणतो. बाईंची खरोखरच जाऊ लागली, दिवसातून आठ-दहा वेळा, आणि त्यासाठी आधी राग यायला हवा अशीही अट राहिली नाही.

एवढ्यावर भागलं असतं तर बाईंनी ओठ घट्ट मिटून निभावून नेलं असतं. पण झोप गेली. डावा खांदा असा धरला की केस विंचरताना डोकं हाताकडे न्यावं लागे. जिना चढला की छातीत धडधड. पाळी दोन-दोन महिने तोंड दाखवत नसे आणि आली की बारा-बारा दिवस हलत नसे. आणि सगळ्यांत लाजिरवाणं म्हणजे शब्द हरवू लागले. चौदा वर्षं चादरींवर राज्य केलेली बाई एका सकाळी भर लाँड्रीत उभं राहून म्हणाली, “अगं, ते आण ना, ते... पांढरं, चौकोनी!” एकवीस बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. तिथे जे होतं ते सगळंच पांढरं आणि चौकोनी होतं.

घरी नवरा होता. शाळेत भूगोल शिकवायचा. जगातले सगळे वारे, त्यांच्या दिशा आणि त्यांचे महिने त्याला तोंडपाठ होते. पण एकाच पलंगावर अर्ध्या भागात उन्हाळा आणि अर्ध्या भागात हिवाळा कसा, हे काही त्याच्या पुस्तकात नव्हतं. बाई खिडकी उघडायच्या, तो लावायचा. बाई पांघरूण फेकायच्या, तो दोन घ्यायचा.

“अगं, बाहेर थंडी आहे,” तो म्हणायचा.

“अहो, मी बाहेर नाहीये ना!”

“हे बहुतेक हवामानातल्या बदलामुळे असावं.”

बाईंनी त्याच्याकडे असं पाहिलं की पुढचे चार दिवस त्याने हवामान हा विषयच काढला नाही. तो वाईट माणूस नव्हता. आई, दोन बहिणी, बायको आणि मुलगी मिळून पाच बायका त्याच्या आयुष्यात आल्या होत्या आणि पाचही त्याने नकाशासारख्या लांबून पाहिल्या होत्या, इतकंच.

रुग्णालयात कर्मचाऱ्यांना तपासणी मोफत होती. तेव्हा बाईंनी विचार केला, आपण तळघरात आणि वर सात मजले भरून शहाणी माणसं. जावं की! आणि त्या एकेक मजला चढू लागल्या.

हृदयाच्या मोठ्या डॉक्टरांनी छातीला तारा लावल्या, कागदाची लांब पट्टी काढली आणि ती परीक्षेच्या पेपरासारखी वाचली. “हृदय उत्तम आहे.”

“मग धडधडतं कशाने?”

“हृदयाने नाही,” ते म्हणाले. धडधडणारा दुसरा एखादा अवयव बाईंनी स्वतःच शोधावा असा त्यांचा सूर होता. एक गोळी लिहून दिली. फाईल लाल.

हाडांच्या डॉक्टरांनी खांदा हलवून पाहिला. हलत नाही असं बाईंनी सांगितलेलंच होतं, त्यांनी खात्री करून घेतली. “जड उचलू नका.” ओल्या चादरींचा गठ्ठा वीस किलोचा असतो हे त्यांना सांगितल्यावर ते म्हणाले, “मग हलके गठ्ठे करा.” वेदनेची गोळी, आणि त्या गोळीने पोट बिघडू नये म्हणून दुसरी. फाईल निळी.

मनाच्या डॉक्टरांनी हळुवार आवाजात विचारलं, “घरी काही ताण?” बाई म्हणाल्या, “घरी नवरा आहे.” डॉक्टरांनी ते लिहून घेतलं. झोपेची गोळी. फाईल पिवळी. त्वचेच्या डॉक्टरांनी खाजेसाठी मलम दिलं आणि साबण बदलायला सांगितला. फाईल पांढरी. साबणाबद्दल त्यांच्यापेक्षा बाईंना जास्त कळत होतं.

राहता राहिला बायकांचा मजला. तिथे एक तरणेबांड डॉक्टर होते. पडद्यावर पोटातलं चित्र बघता बघता त्यांनी विचारलं, “मुलं किती?” “एक मुलगी, नोकरीला परगावी असते.” “मग आता काय करायचंय हे ठेवून? फार त्रास होत असेल तर काढून टाकू. नाहीतर वय आहे, होणारच.” गच्चीवरची जुनी टाकी काढायची की राहू द्यायची, अशा आवाजात ते बोलत होते.

“आणि गरम होतं त्याचं?”

“ते वयाचं.”

“खांदा?”

“हाडांकडे जा.”

“शब्द आठवत नाहीत.”

“मेंदूचा मजला सहावा.” आणि पाचवी फाईल, गुलाबी. गुलाबी असणारच.

सात मजल्यांत मिळून कुणीही कुणाची फाईल उघडली नाही. दुखणं हाल्याला आणि इंजेक्शन पखालीला, अशी आपल्याकडे म्हण आहे. इथे तर इंजेक्शनं पाच आणि पखालीही पाच. झोपेच्या गोळीने सकाळी डोकं जड, डोकं जड म्हणून चहा दुप्पट, चहाने धडधड, आणि वेदनेच्या गोळीने, हे पुढे कळलं, पोटात जळजळ. बाई सकाळी जेवणाच्या डब्याआधी गोळ्यांचा डबा भरू लागल्या.

अशा वेळी मदतीला धावून आली ती नणंद. धावून येणं हा तिचा स्वभावच होता. कुठे जायचं ते ती धावायला लागल्यावर ठरवायची.

“वहिनी, तुम्ही त्या डॉक्टरांच्या नादी लागूच नका. ते तुकडे तुकडे करून बघतात. माणूस सगळा बघायला पाहिजे, सगळा! माझ्या ओळखीचं एक केंद्र आहे. तिथे संपूर्ण स्त्री बघतात.”

संपूर्ण स्त्री बघणारं ते केंद्र एका उंच इमारतीत होतं. आत मंद दिवे, भिंतीवर पाण्याचा झुळझुळाट, आणि सायीच्या रंगाच्या कपड्यांतली एक मार्गदर्शिका. तिने बाईंना गादीवर बसवून चौऱ्याऐंशी प्रश्नांचा तक्ता हातात दिला. पहाट आवडते की सांज? रागाचा रंग कोणता? प्रश्न एकसष्टावा: तुम्ही स्वतःवर प्रेम करता का? बाईंनी पुढे लिहिलं, ‘वेळ मिळाल्यास.’

मार्गदर्शिकेने तक्ता डोळे मिटून वाचला. डोळे मिटून वाचणारी व्यक्ती बाईंनी प्रथमच पाहिली. मग ती म्हणाली, “शरीरात सगळं एकमेकांशी जोडलेलं असतं.”

बाई चमकल्या. वर्षभरात कुणीतरी शहाणपणाचं पहिलं वाक्य बोललं होतं. त्या पुढे सरसावून म्हणाल्या, “तेच तर! मग मला सांगा, हे बारा-बारा दिवस अंगावरून जातं, त्याचं काय?”

“जाऊ द्या,” मार्गदर्शिका हसून म्हणाली. “शरीर जुनं सोडतंय. तुमच्या आतली नदी तुंबली होती, ती वाहायला लागलीय. अडवू नका.”

नदी वाहती राहावी म्हणून चौदा बाटल्या लिहून दिल्या. शिवाय गहू बंद, दूध बंद, चहा बंद, अंडं बंद, रागावणं बंद. शेवटी घाम पुसायला एक सुगंधी टॉवेल आला. बाईंनी तो नाकाशी नेला, उलटा केला, शिवण पाहिली.

“हा गरम पाण्यात धुतलेला नाही,” त्या म्हणाल्या. “वरून अत्तर मारलंय. आधी कुणी वापरलाय?”

नणंदेने कपाळाला हात लावला. मार्गदर्शिकेचं हसू तसंच राहिलं, पण तिच्या रागाचा रंग कोणता ते बाईंना तेवढ्यात कळलं. चौदापैकी दोन बाटल्या नणंदेच्या भिडेखातर घेतल्या आणि दहा दिवस बाई वाफवलेल्या भाज्या खाऊन कामावर जात राहिल्या. नदी वाहत होतीच.

अकराव्या दिवशी व्हायचं ते झालं. शस्त्रक्रियेच्या मजल्यावरून चाळीस हिरव्या झग्यांची मागणी आली. बाईंनी ‘पाठवले’ म्हणून सही केली. झगे पिळणीयंत्रात ओलेच होते. वर डॉक्टर, नर्स, दिवे, हत्यारं, सगळं तयार आणि अंगात घालायला झगा नाही. एक तास शस्त्रक्रिया अडून राहिली. रुग्णाला अजून भूल दिलेली नव्हती हे नशीब. खाली फोन आला तेव्हा बाईंनी उत्तर द्यायला तोंड उघडलं, पण शब्दच येईनात, आणि मग रोलर, टेबलं, एकवीस बायका, सगळं हळूहळू तिरकं झालं. जमिनीवर पडण्याआधी बाईंना दोघींनी धरलं.

दुसऱ्या दिवशी व्यवस्थापक साहेबांचं पत्र आलं. साहेब सभ्य गृहस्थ होते. लाँड्रीत ते वर्षातून एकदा, पाहुण्यांना दाखवायला येत आणि दारातूनच ‘वा वा’ म्हणून परतत. पत्रात लिहिलं होतं की, सदर कर्मचारी मागील काही काळापासून विस्मरण, चिडचिड व हलगर्जीपणा दाखवीत असून, तिने कामास योग्य असल्याचा वैद्यकीय दाखला एका महिन्यात समितीसमोर सादर करावा.

दाखले द्यायला एक डॉक्टरीणबाई होत्या. भांडारामागच्या खोलीत बसायच्या, निवृत्तीला एक वर्ष उरलेलं. सगळे त्यांना ‘दाखलेवाल्या’ म्हणत. वरच्या मजल्यांवरचे डॉक्टर त्यांच्याविषयी बोलताना आवाजात अशी काही दया आणत की बाई बिचाऱ्या वारल्या की काय असं वाटावं. फौजदारबाईंनाही वाटलं, शिक्का घ्यायचा आणि निघायचं.

“बस,” दाखलेवाल्या म्हणाल्या. “काय होतंय?”

“कुठलं सांगू? धडधडीचं, खांद्याचं, का...”

“सगळं. मला घाई नाही. इथे कुणी येत नाही.”

बाईंनी पाचही फायली टेबलावर ठेवल्या. दाखलेवाल्यांनी त्या पत्त्यांसारख्या पसरल्या आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत, डोळे उघडे ठेवून, वाचल्या. मग बाईंच्या डोळ्याची खालची पापणी बोटाने ओढून पाहिली. जीभ पाहिली. नखं पाहिली. आणि प्रश्न सुरू झाले. पॅड दिवसाला किती लागतात? गाठी पडतात? झोपेतून कशाने जाग येते, घामाने की काळजीने? खातेस काय, किती वाजता? रोज किती वजन उचलतेस? उन्हात कधी जातेस? लघवीला धरवतं? नवऱ्याजवळ जाताना दुखतं? पंचवीस वर्षं नवऱ्यापुढेही न काढलेले विषय दाखलेवाल्यांनी भाजीचा भाव विचारावा तसे विचारले. बाई आधी लाजल्या, मग चिडल्या, मग सांगतच सुटल्या.

“आईची पाळी कितव्या वर्षी गेली?”

“माहीत नाही. आम्ही बोललो नाही कधी.”

“आईला उकडायचं?”

बाईंना आठवलं. आई दुपारी स्वयंपाकघराच्या गार फरशीवर पालथी पडायची. मुलं म्हणायची, आई आळशी झाली.

“हे बघ,” दाखलेवाल्या म्हणाल्या, “तुझ्या बीजकोशातून येणारे हार्मोन आता धड येत नाहीत आणि धड थांबतही नाहीत. आज पूर, उद्या दुष्काळ. त्यांचा कारभार नुसता गर्भाशयापुरता नसतो. झोप, सांधे, मेंदूतला उष्णतेचा काटा, कातडी, हाडं, मन, सगळीकडे त्यांची ये-जा असते. म्हणून पाच मजल्यांवर पाच दुखणी दिसली. बहुतेक दुखणं एकच आहे. पण ‘वयाचं आहे’ म्हणून मी सोडणार नाही. थायरॉईड बघायचं, रक्त बघायचं. तुझा चेहरा तुझ्या चादरींसारखा पांढरा झालाय आणि कुणालाच दिसला नाही? आणि इतकं रक्त जातंय तर अस्तराचा नमुना तपासलाच पाहिजे. वय आहे म्हणून सोडून द्यायचं नसतं, वय आहे म्हणूनच बघायचं असतं.”

“ते वरचे डॉक्टर म्हणाले, काढून टाकू.”

“डोकं दुखलं की तेही काढतात का बघ विचारून.”

बाई वर्षभरात पहिल्यांदा खळखळून हसल्या. हसता हसता रडल्या. दाखलेवाल्यांनी दोन्हीकडे सारखंच दुर्लक्ष केलं आणि चिठ्ठी लिहीत राहिल्या. लिहिता लिहिताच विचारलं, “तुझ्याकडे पंचेचाळिशीच्या पुढच्या किती जणी आहेत?”

“नऊ.”

“त्यांना काय काय होतं?”

“काही नाही.”

“विचारलंस?”

सहा वर्षांपूर्वी रोलरवर एक इस्त्रीवाली मावशी होती. बावन्नची. तासातासाला यंत्र सोडून दारात जाऊन बसायची आणि पदराने वारा घ्यायची. “बाई, आतून पेटल्यासारखं होतं,” म्हणायची. आणि बाईंनी सगळ्यांसमोर म्हटलं होतं, “एवढं पेटत असेल तर बर्फाच्या कारखान्यात नोकरी धर.” बायका हसल्या होत्या. बाईंनी ‘कामचुकार’ असा शेरा लिहिला होता, आणि मावशी रोलरवरून जिने पुसण्यावर गेली होती, आणि जिन्यांवरून घरी.

त्याच आठवड्यात बाई पत्ता शोधत तिच्या घरी गेल्या. मावशीने दार उघडलं, ओळखलं, आणि आत बोलवायच्या आधी पुरेसा वेळ घेतला. खोली नीटनेटकी होती. खुर्ची तिने खिडकीपाशी सरकवली.

“मी चुकले,” बाई म्हणाल्या. “मला आता तेच होतंय.”

“हो का?” मावशी म्हणाली. “म्हणजे तुला झालं नसतं तर मी अजून कामचुकारच?”

बाई त्या खुर्चीवर टेकल्या. मावशीने पाणी दिलं. माफ केलं असं काही म्हणाली नाही, आणि बाईंनीही मागून घेतलं नाही. निघताना मावशी एवढंच बोलली, “माझं तीन वर्षांनी आपोआप थांबलं. पण जिने काही थांबले नाहीत. गुडघे त्या जिन्यांनी खाल्ले.”

तपासण्या झाल्या. हिमोग्लोबिन आठाच्याही खाली. बाई चालतबोलत होत्या याचंच प्रयोगशाळेतल्या माणसाला नवल वाटलं. थायरॉईड ठीक. अस्तराच्या नमुन्यात वाईट काही निघालं नाही. तो कागद हाती येईपर्यंतचे सहा दिवस भूगोलवाल्या नवऱ्याने खिडकी स्वतःच्या हाताने उघडी ठेवली आणि टोपी घालून झोपला. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. छातीची तपासणी करून, घरातल्या दुखण्यांची चौकशी करून आणि फायदे-तोटे दोन्ही समजावून हार्मोनचं औषध सुरू झालं. धडधडीची, वेदनेची, झोपेची आणि पोटाची गोळी हळूहळू बंद झाली. खांद्याला व्यायाम, संध्याकाळी चालणं, आणि अंडं पुन्हा ताटात. नणंद म्हणाली, “बघा, त्या दोन बाटल्यांनी गुण आला.” बाईंनी आणखी एक अंडं ताटात घेतलं.

समितीपुढे जायचा दिवस आला. लांब टेबल, थंडगार खोली, तीन पुरुष. व्यवस्थापक साहेब, हृदयाचे मोठे डॉक्टर, आणि कुणीतरी एक, जो सगळ्या समित्यांवर असतो. साहेबांनी दाखल्याचं पाकीट फोडलं आणि मोठ्याने वाचायला घेतलं.

“सदर कर्मचारी कामास योग्य आहे.” साहेबांनी मान डोलावली आणि पुढची ओळ त्याच भरात वाचून टाकली, “सदर जागा नाही.”

“म्हणजे?” तिसरा गृहस्थ म्हणाला.

पुढे सगळं लिहिलेलं होतं. रोलरपाशी तापमान एक्केचाळीस अंश. वाफ बाहेर टाकणारा पंखा चार वर्षं बंद, दुरुस्तीचे सात अर्ज सोबत जोडले आहेत. गणवेश नायलॉनचा. बसायला स्टूल नाही. प्यायचं पाणी दोन जिने वर. पंचेचाळिशीच्या पुढच्या नऊ महिलांची तपासणी केली, सहा जणींच्या अंगात रक्त कमी. आजवर एकीनेही तक्रार केली नाही, कारण तक्रार केल्यावर शेरा मिळतो अशी त्यांची समजूत आहे.

शेवटचं वाक्य ऐकताना बाईंनी मान खाली घातली. ते त्यांच्यावर होतं, आणि त्यांनीच ते लिहायला सांगितलं होतं.

“हे फार व्यापक आहे,” साहेब म्हणाले. “आपला मुद्दा विस्मरणाचा होता.”

“साहेब, सही मी चुकीची केली, ते कबूल आहे,” बाई म्हणाल्या. “त्याची शिक्षा द्या. पण पंख्याचे सात अर्ज कोण विसरलं, त्यालाही एक दाखला आणायला सांगा.”

मोठ्या डॉक्टरांना अचानक खोकला आला.

निकाल असा लागला: बाईंना समज, पंख्याला मंजुरी, आणि एक नवी समिती. समितीचं नाव ‘महिला कर्मचारी सर्वांगीण स्वास्थ्य व हार्मोन-संतुलन जागृती मंडळ’. तीन महिन्यांत तिने दोन कामं केली. हातात फूल धरून हसणाऱ्या बाईचं एक चित्र प्रवेशदारात लावलं, आणि मोठ्या डॉक्टरांचं ‘स्त्री: एक संपूर्ण देह’ या विषयावर व्याख्यान ठेवलं. व्याख्यान सातव्या मजल्यावर, कामाच्या वेळेत होतं. लाँड्रीतल्या बायकांना निमंत्रण होतं, सुट्टी नव्हती. टेबलावर घालायची चादर मात्र लाँड्रीतूनच गेली.

पंखा खरोखर बसला. मंडळामुळे नव्हे. एका मोठ्या शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी नऊजणींनी शांतपणे कळवलं की रोलरवर यापुढे एकीने पाऊण तासाहून जास्त उभं राहायचं नाही असं दाखलेवाल्या डॉक्टरीणबाईंचं लेखी आहे, तेव्हा झगे जरा उशिराने मिळतील. दुसऱ्या दिवशी दुरुस्तीवाला शिडी घेऊन हजर. “हे आता माझ्या खात्यात आलंय,” तो म्हणाला. सुती गणवेश यायला मात्र वर्ष लागलं, आणि आले तेव्हा सगळे एकाच मापाचे.

बाईंचंही सगळं काही सोन्यासारखं झालं नाही. उष्णतेचे झटके दिवसाला दहाचे दोनवर आले. झोप सहा तास. रक्त भरलं, तशी धडधड गेली. हात आता खांद्याच्या वर जातो, पण वरच्या फळीपर्यंत नाही. शब्द अधूनमधून अजून दडी मारतात, तेव्हा बाई बिनदिक्कत म्हणतात, “थांबा गं, येतोय तो.” नवऱ्याची मात्र एका बाबतीत निराशा झाली. औषधाने राग जाईल अशी त्याने आशा धरली होती. राग होता तिथेच आहे. फक्त आता तो योग्य मजल्यावर जातो.

मागच्या महिन्यातली गोष्ट. दुपारचं काम जोरात चालू होतं आणि दारात हृदयाचे मोठे डॉक्टर उभे. इतक्या वर्षांत ते तळघरात कधी उतरले नव्हते. खिशाला शाईचा डाग होताच. इकडे तिकडे बघत ते बाईंजवळ आले.

“त्या... भांडारामागच्या बाई. दाखलेवाल्या. निवृत्त झाल्या ना?”

“झाल्या. पण मंगळवारी आणि शुक्रवारी येतात. आम्ही अर्ज केला होता. का हो?”

“नाही, आमच्या घरी... मिसेसना जरा...”

“काय होतं?”

“म्हणजे, ते... तसं विशेष नाही. त्या वयात जे असतं ते.”

रोलरवरच्या बायकांनी हात न थांबवता कान टवकारले. बाईंनी घडी घातलेली चादर गठ्ठ्यावर ठेवली.

“वयाला काय होतं डॉक्टर? शब्द आहे ना त्याला. तुमच्या व्याख्यानात होता म्हणे.”

डॉक्टरांचे ओठ नुसते हलले.

“काय म्हणालात?” बाईंनी कानामागे हात धरला. “मोठ्याने बोला, मशीन चालू आहे.”

“रजोनिवृत्ती!” डॉक्टर ओरडले. नेमका त्याच क्षणी रोलरमधून चादर संपली आणि यंत्राचा आवाज उतरला, त्यामुळे तो शब्द कोठारापर्यंत स्वच्छ ऐकू गेला.

कुणीही हसलं नाही. बाईंनी खिशातून पेन्सिल काढली आणि एका जुन्या यादीच्या पाठीमागे मंगळवारची वेळ लिहून दिली.

“त्यांना स्वतः यायला सांगा,” त्या म्हणाल्या. “आणि येताना सगळ्या फायली आणायला सांगा. असतील दोन-तीन तरी.”

“चार आहेत,” डॉक्टर म्हणाले आणि जिना चढू लागले.